पाटे काढायचे की ठेवायचे? एका कॉर्व्हेटच्या सस्पेन्शनचे प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २००१ ची शेवरोले कॉर्व्हेट, पाचव्या पिढीतली, म्हणजे सी-५. साधी कूपे. ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ, वजन दीड टनाच्या किंचित आत आणि पुढे-मागे जवळजवळ निम्मे-निम्मे वाटलेले. मालक अमेरिकेत, डेट्रॉइटच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहणारा मराठी माणूस. पोटापाण्याचे काम सॉफ्टवेअरचे, पण लहानपण गेले ट्रकांमध्ये, कारण वडिलांचा पश्चिम महाराष्ट्रात मालवाहतुकीचा धंदा होता. मालकाची बाकीची ओळख इथे मुद्दाम पुसली आहे.

गाडी त्याच्याकडे आली तेव्हा आधीच दोघांच्या हाताखालून गेलेली होती. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडते, म्हणून थंडीभर ती गॅरेजात झाकलेली असायची. उन्हाळ्यात मात्र कामावर जायला-यायला तीच, आणि अधूनमधून रविवारी ऑटोक्रॉसलाही तीच. ऑटोक्रॉस म्हणजे मोठ्या मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखायचा आणि एकेका गाडीने घड्याळाशी शर्यत करायची. वेग फार नसतो, पण गाडी सतत डावी-उजवीकडे फेकली जाते, त्यामुळे सस्पेन्शनमधले, म्हणजे चाकांवर गाडी झेलणाऱ्या स्प्रिंग आणि शॉकच्या रचनेतले, सगळे गुणदोष तिथे उघडे पडतात.

अडचण काय होती

तक्रारी दोन होत्या. पहिली साधी: काँक्रीटच्या महामार्गावर प्रत्येक सांध्याला कमरेत धक्का बसायचा. दुसरी गंभीर. घराजवळ महामार्गावर चढायला एक लांब, उजवीकडे वळत जाणारा रॅम्प आहे आणि त्याच्या ऐन मध्यावर रस्त्याचा एक उंचवटा आलेला सांधा आहे. वळणात गाडी एका बाजूला टेकलेली असताना तो सांधा आला की मागचा भाग अचानक बाहेर सरकायचा. हळूहळू नव्हे, झटक्यात. ओल्या रस्त्यावर एकदा गाडी जवळजवळ आडवी झाली आणि त्यानंतर मालकाने तो रॅम्पच टाळायला सुरुवात केली.

ऑटोक्रॉसच्या मैदानावर निदान तयारच होते. या गाडीला चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग नाहीत. पुढे एक आणि मागे एक, असे आडवे बसवलेले लीफ स्प्रिंग, म्हणजे पाटे, आहेत. "पाटे आहेत ना, मग असंच होणार," असा एकूण सूर. कॉइलओव्हर बसव, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरभोवती कॉइल असलेले संच बसव आणि पाटे काढून टाक, असा सल्ला त्याला जो तो देत होता. त्यात फोनवर वडिलांनी विचारले, "पाटा? ट्रकला असतो तो? एवढ्या महाग गाडीला?" मालकाच्या मनात ते घर करून बसले. त्याने दोन हजार डॉलरच्या वरचा एक कॉइलओव्हर संच निवडून ठेवला. पैसे भरायच्या आधी त्याने मला फोन केला, आणि तिथून मी या प्रकरणात आलो.

ट्रकचा पाटा आणि कॉर्व्हेटचा पाटा

इथे जरा थांबायला हवे, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

ट्रकचा पाटा गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतो. पोलादी पानांची चळत, मध्ये सेंटर बोल्ट, यू-बोल्टने ॲक्सलला जखडलेली. तो दोन कामे करतो: वजन झेलतो, आणि ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. जोरात ॲक्सिलरेटर दिला की ॲक्सल पाट्याला पिळते, ब्रेक मारला की उलट दिशेने पिळते. शिवाय पाने एकमेकांवर घासतात, त्यामुळे छोट्या खड्ड्यांत तो सहज हलत नाही. स्पोर्ट्‌स कारमध्ये पाट्याला जी नावे ठेवली जातात ती बहुतेक या दुसऱ्या कामामुळे आणि या घर्षणामुळे. तरीही पाटा असलेल्या गाड्या हरल्याच असे नाही. १९६२ च्या फेरारी २५० जीटीओला मागे सरळ ॲक्सल आणि पाटेच होते, फक्त ॲक्सलला बाजूला सरकू न देण्यासाठी वेगळ्या दांड्या जोडल्या होत्या.

आडव्या पाट्यांचेही दोन प्रकार पडतात. एसी कोब्राच्या सुरुवातीच्या गाड्यांत आडवा पाटा हाच चाकाचा वरचा दुवा होता. चाक कुठे उभे राहणार हे पाट्याच्या वाकण्यावर ठरायचे. ७ लिटरचे इंजिन बसवायची वेळ आली तेव्हा १९६५ मध्ये तिथे नीट विशबोन (चाक जागेवर धरणारे त्रिकोणी दुवे) आणि कॉइल आले. फॉर्म्युला वनमध्ये कूपरने १९५९ ची अजिंक्यपदे मागे आडवा पाटा असलेल्या गाडीने मिळवली आणि पुढच्याच वर्षीच्या गाडीला कॉइल दिल्या.

कॉर्व्हेटची वाट वेगळी. १९६३ च्या स्टिंग रेमध्ये झोरा आर्कस-डंटोव्ह यांच्या चमूने मागची चाके स्वतंत्र केली आणि डिफरन्शियलखाली ९ पानांचा पोलादी आडवा पाटा बसवला. चाक धरायचे काम दांड्या आणि ड्राइव्हशाफ्टकडे, पाट्याकडे फक्त वजन. १९८१ मध्ये काही गाड्यांवर त्याच्या जागी काचतंतू (फायबरग्लास) आणि इपॉक्सीचे एकच पान आले. पोलादी पाटा २० किलोच्या आसपास भरायचा, हे पान ४ किलोच्याही आत. १९८४ च्या चौथ्या पिढीपासून पुढेही असेच पान आले, आणि २०१९ पर्यंत, म्हणजे सातवी पिढी संपेपर्यंत, कॉर्व्हेट तसल्याच पाट्यांवर धावली. २०२० मध्ये इंजिन मध्यभागी गेले आणि चारही चाकांना कॉइल आल्या.

आपल्या सी-५ मध्ये पुढे-मागे दुहेरी विशबोन आहेत. चाक धरायचे काम त्यांचे. पाट्याचे एकच पान आहे, त्यामुळे पानांचे घर्षण नाही. तो अगदी खाली बसतो म्हणून गुरुत्वमध्य खाली येतो, उभ्या कॉइलला लागणारी उंची वाचते आणि बॉनेट बुटके ठेवता येते. काचतंतूला गंज चढत नाही, आणि मिठाच्या रस्त्यांच्या या राज्यात ही लहान गोष्ट नाही.

एक गुण मात्र फार कमी जणांना ठाऊक असतो. हा पाटा मध्यावर एका ठिकाणी नाही, तर मध्याच्या दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर, अशा दोन जागी टेकलेला असतो. दोन्ही चाके एकदम वर गेली की टेकूंमधला भाग एका कमानीत वाकतो. वळणात एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की त्याच भागाला एस आकारात वाकावे लागते. तुळईचे साधे गणित मांडले तर या मधल्या भागाचा ताठरपणा एस आकारात कमानीच्या तिप्पट होतो. म्हणजे पाटा सरळ रस्त्यावर मऊ राहतो आणि वळणात स्वतःच काही अंशी अँटीरोल बारचे (वळणात गाडीचे झुकणे रोखणाऱ्या दांडीचे) काम करतो. मला हे डिझाइन मनापासून आवडते. एकच हलके पान, आणि दोन भागांचे काम.

याची किंमतही आहे. एका चाकाला धक्का बसला की त्याचा थोडा परिणाम पलीकडच्या चाकावर होतो. पण तो तर कोणत्याही अँटीरोल बारमुळे होतोच, आणि कॉइलवाल्या गाड्यांनाही तो बार असतोच.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कॉइलओव्हरचा. फायदे खरे आहेत: स्प्रिंगचा कडकपणा बारीक टप्प्यांत निवडता येतो, डावीकडची उंची उजवीकडे हात न लावता बदलता येते, आणि स्प्रिंग तासाभरात बदलून दुसरी लावता येते. काचतंतूच्या पाट्याला साचा लागतो, त्यामुळे बाजारात त्याचे मोजकेच प्रकार मिळतात. कॉर्व्हेटचा कारखान्याचा रेसिंग चमूही सी-५आर गाड्यांना कॉइलओव्हरच लावायचा, आणि त्या गाड्यांनी २००१ मध्ये ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. हे उदाहरण मालकाला दर आठवड्याला कोणीतरी ऐकवायचे.

पण आक्षेपही दोन होते आणि दोन्ही वजनदार. एक, पाटा काढला की त्याने वळणात दिलेला ताठरपणाही जातो. तो भरून काढायला जाड अँटीरोल बार घ्यावे लागतात, आणि तो खर्च संचाच्या किमतीत धरलेला नव्हता. दोन, भार जायची वाट बदलते. मूळ गाडीत वजन पाट्यातून खालच्या क्रेडलवर (सस्पेन्शन बसवलेल्या सांगाड्यावर) उतरते. शॉकच्या वरच्या टोकाची जागा फक्त शॉकचे धक्के सोसायला बांधलेली आहे. कॉइलओव्हर लावला की गाडीचे उभे वजन त्या जागेवर येते. या गाडीत एका चाकावर साधारण साडेतीनशे किलो असतात, आणि स्प्रिंग चाकापेक्षा आत, कंट्रोल आर्मवर, म्हणजे विशबोनवर, बसत असल्यामुळे तरफेच्या नियमाने तिच्यावरचा भार त्याहून जास्तच भरतो. रेसच्या गाडीत ती जागा मजबूत करून घेतात आणि वरचेवर तपासतात. रोज कामावर जाणाऱ्या गाडीच्या मालकाने हे करायचे का, हा खरा प्रश्न होता.

दुसरा पर्याय: त्याच पिढीच्या झेड-०६ प्रकारातले कडक पाटे, शॉक आणि बार जुन्या बाजारातून घ्यायचे. सरळ बसतात, परवडतात. पण धक्क्यांची तक्रार असलेल्या माणसाने आणखी कडक स्प्रिंग घ्यावी, हे पटणारे नव्हते.

तिसरा: आहे ते सगळे तपासायचे, झिजलेले बदलायचे आणि मग बघायचे. मालकाला हा पर्याय सर्वांत नीरस वाटला. त्याचे म्हणणे होते, "एवढा खटाटोप करून शेवटी पाटेच ठेवायचे?"

चौथा, ही गाडी विकून २००३ किंवा २००४ ची चुंबकीय शॉकवाली (चालता चालता कडकपणा बदलणाऱ्या शॉकची) सी-५ घ्यायची. गाडीवर जीव जडला होता, म्हणून यावर चर्चा दोन मिनिटांत संपली.

पहिला निर्णय: आधी मोजायचे

वळण आले ते वडिलांच्या दुसऱ्या फोनने. मुलाने त्यांना गाडीचा खालून काढलेला फोटो पाठवला होता. ते म्हणाले, "अरे, पाटा बसला की गाडी एका अंगाला झुकते. आमच्याकडं ड्रायव्हर तक्रार घेऊन आला की पहिल्यांदा उंची बघायचो. तू मापलीस का?"

मापली नव्हती. कोणीच मापली नव्हती. ट्रकच्या पाट्यावरून स्पोर्ट्‌स कारला नावे ठेवणारेच वडील, पण तपासणीचा क्रम त्यांनीच अचूक सांगितला.

सपाट फरशीवर, टायरमध्ये ठरलेली हवा भरून, टाकी अर्धी ठेवून आम्ही चारही चाकांवर जमिनीपासून फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर घेतले. मागचा डावा कोपरा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता. शिवाय संपूर्ण गाडीच कारखान्याच्या मापापेक्षा बरीच खाली बसलेली. कारण सापडायला वेळ लागला नाही. सी-५ च्या पाट्यांच्या टोकांना उंची कमी-जास्त करायचे बोल्ट असतात. आधीच्या कोणा मालकाने गाडी बुटकी, झोकदार दिसावी म्हणून ते जवळजवळ टोकापर्यंत फिरवले होते, आणि डावीकडे उजव्यापेक्षा जास्त. डाव्या बोल्टची रबरी गादी तर चेपून एका बाजूने फाटलेली होती.

मग पाटे पाहिले. काचतंतूचा पाटा खराब होऊ लागला की कडांपासून तंतू सुटतात. बॅटरीच्या उजेडात ते नेहमी दिसतातच असे नाही. त्यासाठी जुन्या सुती कापडाचा तुकडा कडेवरून हळू ओढत न्यायचा. एकही तंतू उभा असेल तर कापड अडकते. दोन्ही पाट्यांच्या सगळ्या कडा, टेकूंच्या भोवती आणि टोकांशी, अशा ओढून पाहिल्या. कापड कुठेच अडकले नाही. वीस वर्षांच्या आसपासचे पाटे, आणि निर्दोष.

शॉकची कथा उलटी होती. मागचा एक शॉक काढून उभा धरला आणि दांडा हाताने दाबला, तर सुरुवातीची बोटभर चाल रिकामीच गेली, काही अडलेच नाही. सोडल्यावर दांडा वरही आला नाही. आतला गॅस गेलेला. दुसऱ्या शॉकच्या अंगावर तेलात मळलेल्या धुळीचा थर होता.

टायरच्या बाजूवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत छापलेले असते. ते वाचल्यावर कळले की टायर नऊ वर्षांचे आहेत. ते रनफ्लॅट होते, म्हणजे हवा गेली तरी चालावेत म्हणून बाजू मुळातच कडक, आणि आता रबरही दगडासारखे झालेले.

सगळ्यात महत्त्वाचा पुरावा एका केबल टायने दिला. मागच्या शॉकच्या (अजून जुन्याच) दांड्याभोवती केबल टाय घट्ट बांधून तो शॉकच्या शरीराला टेकवायचा. गाडी चालवली की शॉक जितका दबेल तितका तो टाय वर सरकतो आणि तिथेच राहतो. मालकाने गाडी शांतपणे त्या रॅम्पवरून नेली, नेहमीपेक्षा कमी वेगाने. परत आल्यावर पाहिले तर बाहेरच्या, म्हणजे डाव्या चाकाकडचा टाय थेट बंप स्टॉपच्या, म्हणजे चाल संपते तिथे बसवलेल्या ठोकळ्याच्या, रबरात रुतलेला होता.

उलगडा झाला. गाडी इतकी खाली आणली होती की उभ्या गाडीतही बंप स्टॉप जवळच होता. उजव्या वळणात भार डावीकडे गेला की उरलेली चालही संपायची. त्यात तो सांधा आला की चाकाला वर जायला जागाच नसायची. बंप स्टॉपला टेकल्यावर चाकाचा कडकपणा एका क्षणात कित्येक पटींनी वाढतो, टायर रस्त्यावर टिकत नाही आणि मागचा भाग सुटतो. मेलेला शॉक त्यात भर घालत होता. कॉइल असत्या आणि गाडी इतकीच खाली असती, तरी हेच झाले असते.

दुसरा निर्णय: संच घ्यायचा की नाही

इतके कळल्यावरही निर्णय सरळ नव्हता. मालकाचा युक्तिवाद नीट होता: शॉक घ्यायचेच आहेत, मग थोडे जास्त घालून कॉइलओव्हरच का घेऊ नयेत? काम तेच, मजुरी तीच.

याचे उत्तर त्याच्या वापरात होते. वर्षाकाठी बहुतेक मैल साध्या रस्त्यावर. ऑटोक्रॉसही हौशी, रस्त्याच्या टायरवर. स्प्रिंगचा कडकपणा तो किती वेळा बदलणार होता? कदाचित एकदा, कदाचित कधीच नाही. कॉइलओव्हरचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे बदलत राहण्याची मोकळीक, आणि ती तो वापरणार नसेल तर पदरात पडते ती फक्त वरच्या माउंटची (शॉकच्या वरच्या टोकाच्या जागेची) काळजी आणि नव्या बारचा खर्च. पाट्यात दोष सापडला असता, कापड अडकले असते, तर माझा कल दुसरीकडे गेला असता. निरोगी पाटा काढायला कारण उरले नव्हते.

ठरले ते असे: उंची मूळ मापावर, नवे शॉक, बोल्टच्या नव्या रबरी गाद्या, नवे टायर आणि शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे. अँटीरोल बारला हात लावायचा नाही.

काय केले

शॉक घेतले ते झेड-०६ साठी बनवलेले, साध्या पाट्यांवर. या गाडीच्या मालकांत ही जोडी प्रचलित आहे आणि ती चालते, कारण शॉक थोडा जास्त आवर घालतो पण स्प्रिंग मऊच राहते. रनफ्लॅट न घेता साधे कार्यक्षम टायर घेतले, मापे मूळचीच: पुढे २४५/४५-१७, मागे २७५/४०-१८. या गाडीत जादा चाक ठेवायला जागाच नाही, त्यामुळे पंक्चरचे रसायन आणि छोटा हवेचा पंप बूटमध्ये ठेवावा लागला. हा व्यवहार मालकाने विचार करून स्वीकारला.

उंची ठरवायला सर्वांत जास्त वेळ गेला. इथे पाट्याचा स्वभाव आडवा येतो. मागच्या डाव्या बोल्टला एक फेरा दिला की उजवीकडेही थोडा फरक पडतो, कारण पान एकच. म्हणून एक कोपरा जमवून दुसऱ्याकडे जायचे, असे चालत नाही. दोन्ही बाजूंना आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा, मग गाडी खाली, पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू द्यायचे, मग पुन्हा माप. ज्यांनी कॉइलओव्हरची कडी फिरवून कोपरा जमवला आहे त्यांना हे काम चिकाटीचे वाटेल. कॉइलच्या बाजूने हा मुद्दा खरा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे.

शेवटी चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून, चालकाच्या जागी मालकालाच बसवून, तिरप्या कोपऱ्यांची बेरीज (पुढचा डावा अधिक मागचा उजवा, आणि उलट) शक्य तितकी सारखी केली. मगच अलाइनमेंट. मागचा टो, म्हणजे मागची चाके वरून पाहता किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, या गाडीत फार बोलतो. तो जरा बाहेर असला की महामार्गावरही गाडी अस्थिर वाटते.

परिणाम

रॅम्पवरचा सांधा अजून तिथेच आहे. गाडी त्यावरून जाताना आवाज येतो, मागचा भाग किंचित वर होतो आणि आपल्या रेषेत बसतो. नव्या शॉकवर पुन्हा केबल टाय लावून पाहिला. बंप स्टॉपपर्यंत बरीच चाल उरलेली होती. महामार्गावरचे धक्के कमी झाले, संपले नाहीत. रुंद, पातळ बाजूचे टायर काँक्रीटचा सांधा कधीच पूर्ण लपवणार नाहीत, मग वर स्प्रिंग कसलीही असो.

ऑटोक्रॉसला फरक सगळ्यात ठळक दिसला. तिथला मार्ग दर वेळी बदलतो, म्हणून जुन्या वेळेशी तुलना करता येत नाही. पण जी एक गाडी त्याला नेहमी स्पष्ट अंतराने हरवायची, तिच्या बरोबरीने तो येऊ लागला. आता गाडी वळणाच्या सुरुवातीला किंचित पुढून ढकलते, म्हणजे हवी तेवढी वळत नाही. ते त्याने हवेच्या दाबाने सावरले.

एकूण खर्च निवडलेल्या कॉइलओव्हर संचाच्या किमतीपेक्षा कमी राहिला, तोही टायर धरून.

वडील उन्हाळ्यात आले तेव्हा त्यांनी गाडी लिफ्टवर चढवायला लावली. पाट्यावर बोटाने टकटक करून पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "सेंटर बोल्ट कुठाय?" मध्यावर काही नाही, दोन बाजूंना टेकू आहेत, हे दाखवल्यावर ते बराच वेळ खाली उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "हा फक्त वजन उचलतोय. ओढाताण दुसऱ्याच्या अंगावर टाकली आहे. मग टिकणारच." सगळ्या प्रकरणाचे यापेक्षा नेमके तांत्रिक वर्णन मी ऐकलेले नाही.

दुसरी गाडी

तुलनेसाठी त्याच वर्तुळातली आणखी एक सी-५ नोंदवतो. तिच्या मालकाने पाटे काढून कॉइलओव्हर लावले आहेत, आणि त्याच्यासाठी तो निर्णय योग्य होता. तो मिशिगनमधल्या जिंजरमनसारख्या रेस ट्रॅकवर जातो, चिकट ट्रॅक टायर वापरतो, मोसमात स्प्रिंग बदलतो आणि वरच्या माउंटची जागा प्रत्येक ट्रॅकदिवसानंतर तपासतो. पण त्याच्या पहिल्या फेरीत गाडी पूर्वीपेक्षा जास्त झुकली, कारण पाट्याने दिलेला ताठरपणा गेला होता आणि बार जुनेच होते. जाड बार आल्यावर ती सुधारली.

वेगळे काय करता आले असते

टायर आणि शॉक एकाच शनिवारी बदलले गेले, कारण पुढच्या रविवारी ऑटोक्रॉस होते. त्यामुळे धक्के कमी होण्यात कोणाचा वाटा किती, हे आता कायमचे अंधारात राहिले. फक्त टायर बदलून एक आठवडा चालवले असते तर ते समजले असते. उंचीचेही तसेच: बोल्ट फिरवण्याआधी मागचा टो मोजून ठेवायला हवा होता. गाडी खाली आणल्याने टो किती बिघडला होता आणि रॅम्पवरच्या झटक्यात त्याचा हात होता का, हे मग सांगता आले असते.

यातले बरेचसे खरेदीच्या वेळीच दिसू शकले असते. सी-५ विकत घेताना इंजिनाचा आवाज सगळे ऐकतात, पण खाली वाकून पाट्याच्या बोल्टचे किती आटे बाहेर आहेत ते कोणी मोजत नाही. दोन मिनिटांचे काम आहे. आटे दोन बाजूंना वेगवेगळे दिसले तर आधीच्या मालकाने उंचीशी खेळ केला आहे हे कळते, आणि किमतीत तेवढे कमी मागता येते.

आणि मालकाला जो सल्ला मिळत होता त्यात एकानेही "गाडी किती खाली आहे?" असे विचारले नव्हते. स्प्रिंगचा प्रकार डोळ्याला लगेच दिसतो, उरलेली चाल दिसत नाही, त्यामुळे दोष दिसणाऱ्या गोष्टीवर गेला. तोच केबल टाय पहिल्या तक्रारीनंतर बांधला असता तर हंगामाचा अर्धा भाग वाचला असता.

मालकाच्या डोक्यातून कॉइलओव्हर पूर्ण गेलेला नाही. पुढच्या एक-दोन वर्षांत ट्रॅक टायरचा वेगळा संच घेऊन जिंजरमनला जायचा त्याचा बेत आहे. ट्रॅक टायरच्या पकडीत गाडी किती झुकते, पाट्याची चाल पुरते का, आणि त्याला खरोखर स्प्रिंग बदलत राहावी लागते का, हे पाहून तो प्रश्न नव्याने मांडायचा असे ठरले आहे. तोपर्यंत हंगामाच्या सुरुवातीला चारही कोपऱ्यांची उंची मोजायची आणि पाट्यांच्या कडांवरून कापड ओढून पाहायचे, एवढे काम गॅरेजच्या भिंतीवर लिहून लावले आहे.